भोक तळहाताएवढं, फेऱ्या अकरा

४ मार्च

पाहणी. फोनवर ताई म्हणाल्या होत्या, "दादा, ड्रायवॉलला एक भोक पडलंय, तळहाताएवढं. बुजवायला किती घ्याल?" फोनवर आकडा सांगायचा नाही हा नियम मी बऱ्याचदा मार खाऊन शिकलोय, म्हणून मोजपट्टी घेऊन गेलो.

ड्रायवॉल म्हणजे पोकळ सांगाड्यावर स्क्रूने बसवलेल्या, दोन्हीकडून कागद लावलेल्या जिप्सम बोर्डांची भिंत. भोक होतं तसंच. दाराचा मुठीचा भाग भिंतीवर आपटून ९ सेंटिमीटरचा गोल आत गेलेला. पण त्याच खोलीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. टीव्हीचं ब्रॅकेट उपटून आलं होतं, चारही ठिकाणी कागद फाटून आतला पांढरा गाभा उघडा. आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत रंगाला बारीक फुगे. ताईंनी ते "रंग जुना झालाय" म्हणून सोडून दिलं होतं.

अंगठा दाबला. बोर्ड बिस्किटासारखा आत गेला.

जिप्सम बोर्डाचं हे असं असतं. गाभ्यात स्फटिकांच्या आत वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी मुळातच बांधलेलं असतं आणि ते काही त्रास देत नाही, उलट आग लागली तर तेच वाफ होऊन भिंतीला थोडा वेळ वाचवतं. बाहेरून येणारं मोकळं पाणी मात्र त्याला सोसत नाही. गाभा भुसभुशीत होतो, कागद सुटतो, आणि त्या कागदावर बुरशीची चंगळ.

सांगितलं की आधी प्लंबर. गळती बंद झाल्याशिवाय मी भिंतीला हात लावणार नाही. ताईंचा चेहरा पडला. काम टाळतोय असं वाटलं असणार.

इमारत फार जुनी नाही हेही विचारून घेतलं. जुन्या बांधकामात बोर्डांचे सांधे भरायच्या लगद्यात, म्हणजे कंपाउंडमध्ये, ॲस्बेस्टॉस असू शकतं. अमेरिकेत अशा कंपाउंडवर १९७७ मध्ये बंदी आली. त्या काळातली भिंत असेल तर नमुना तपासल्याशिवाय घासायची नाही. इथे तो प्रश्न नव्हता.

येऊन-जाऊन अडीच तास. याचे पैसे कोणी देत नाही.

५ मार्च

अंदाजपत्रक केलं. रकमा इथे लिहीत नाही, त्या दरवर्षी बदलतात. एकूण बिल १०० भाग धरून मांडतो, म्हणजे पुढच्या कामाला ताडून बघता येईल.

सामान १४. यात बोर्ड, स्क्रू, टेप, कंपाउंड, प्रायमर, रंग सगळं आलं. मजुरी ४८, माझी आणि हाताखालच्या पोराची मिळून १६ तास. जाणं-येणं ९, सहा फेऱ्या धरून. राडारोडा उचलणं ४. वरखर्च १०: पात्या, अवजारांची झीज, विमा, फोन, आणि कालच्यासारख्या फुकट पाहण्या. नफा १५.

नफ्याच्या बाबतीत मी पहिली चार-पाच वर्षं बावळटपणा केला. खर्च ८५ आला की त्यावर १५ टक्के चढवायचो आणि समजायचो की १५ टक्के सुटले. ८५ वर १५ टक्के चढवले तर बिल होतं ९७.७५, आणि त्यातले माझे फक्त १३ टक्के. बिलातले १५ हवे असतील तर खर्चाला ०.८५ ने भागावं लागतं. दोन टक्क्यांचा फरक दिसायला किरकोळ, पण वर्षभराच्या कामांवर धरला तर एका नव्या सँडिंग मशिनचे पैसे मी असेच सोडून दिले असतील.

कोटेशन पाठवल्यावर ताईंचा फोन आलाच. "दादा, अख्ख्या बोर्डाची किंमत मी विचारून आले. तुमचा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे."

बरोबर आहे त्यांचं. बोर्ड स्वस्तच असतो. पण भोकाचे पैसे कोणी लावतच नाही, लागतात ते फेऱ्यांचे. टेप बसवून कंपाउंडचा पहिला हात, म्हणजे थर, दिला की तो वाळायला हवा, मग दुसरा, मग तिसरा, मग घासाई, प्रायमर, रंग. तयार डब्यातलं कंपाउंड हवेवर वाळतं, एका हाताला साधारण एक दिवस घेतं, दमट हवेत जास्तच. प्रत्यक्ष हात चालतो अर्धा-पाऊण तास. पण त्यासाठी यायचं, प्लास्टिक अंथरायचं, बादली कालवायची, शेवटी सगळं धुऊन परत न्यायचं. भोक ९ सेंटिमीटरचं असो की ९० चं, फेऱ्या तेवढ्याच. म्हणूनच लहान कामाचा दर चौरस फुटावर काढला की वेड्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच बहुतेकजण कमीत कमी अमुक रक्कम असा आकडा ठेवतात.

हे सगळं फोनवर सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही.

कोटेशनच्या खाली तीन ओळी मुद्दाम लिहिल्या: प्लंबिंग यात नाही. रंग फक्त ज्या भिंतीला हात लागेल त्याच भिंतीला. भिंत उघडल्यावर आत जे निघेल त्याचं वेगळं बोलू.

९ मार्च

चार दिवस शांतता. मग निरोप, दुसऱ्या एकाने निम्म्यात सांगितलंय.

दर कमी करायचा मोह झाला. महिना सुस्त आहे. पण निम्म्यात म्हणजे नक्की काय सोडणार, हे मला माहीत आहे, कारण एकेकाळी मीही तेच सोडायचो. ताईंना एवढंच लिहिलं, की त्यांना तीन गोष्टी विचारा: कंपाउंडचे हात किती, रंगाआधी प्रायमर आहे का, आणि ओला बोर्ड कापून काढणार की वरून लांबी (पुट्टी) फिरवणार.

संध्याकाळी होकार आला. प्लंबर उद्या येतोय म्हणे.

१२ मार्च

भिंत उघडली. पोरगा सोबत.

प्लंबरने सांधा बदललाय, कोरडा आहे, हात फिरवून पाहिला. बाहेरून ओल वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर दिसत होती. ओलीच्या रेषेच्या ३० वर कापायचं, म्हणून मी ४५ धरले होते. पहिली खाच मारून आत टॉर्च टाकला तर बोर्डाच्या मागच्या कागदावर काळे ठिपके ३५ पर्यंत. मागे भरलेली, आवाज-उष्णता अडवणारी लोकर ओलीचिंब, सांगाड्याची खालची पट्टी गंजून पापुद्रे सुटलेली.

कारणही तिथेच दिसलं. बोर्ड थेट फरशीवर टेकवला होता. खाली १० मिलिमीटरची फट ठेवली असती तर पाणी असं दिव्याच्या वातीसारखं वर चढलं नसतं. बसवणाऱ्याचे फार तर दोन मिनिटं वाचले असतील.

इथे थांबलो. आधीचा मी असतो तर "आता उघडलंच आहे" म्हणून सगळं करून टाकलं असतं, शेवटी बिलात चार ओळी वाढवल्या असत्या, आणि त्या चार ओळींवरून भांडण झालं असतं. फोटो काढले, ताईंना खोलीत बोलावून दाखवले, जादा कामाचा कागद लिहिला: कापणी ६५ सेंटिमीटर उंच, १.८ मीटर रुंद; लोकर नवी; खालची पट्टी नवी; पाणी सोसणारा हिरवा बोर्ड. २२ भाग वाढले, त्यातले १८ खर्चाचे.

ताई चिडल्या. "आधी का नाही दिसलं?" भिंतीच्या आत बघता येत नाही, एवढंच उत्तर आहे आणि ते ऐकणाऱ्याला कधीच पुरत नाही. दहा मिनिटं त्या बाल्कनीत जाऊन कोणाशी तरी बोलल्या, मग सही केली.

सही झाल्यावर कापलं. मास्क, खोलीच्या दाराला प्लास्टिक, कापलेले तुकडे जागेवरच पिशवीत बांधून. पंखा लावून ठेवला. उघडी भिंत वाळू दे.

१६ मार्च

ओलीचं मीटर लावलं. समोरच्या कोरड्या भिंतीशी आकडा जुळायला हवा, जुळला नाही. परत. फेरी वाया.

१९ मार्च

मीटर जुळलं. बोर्ड घेऊन गेलो आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

दाराजवळच्या भोकात जाडी मोजली होती, १२.५ मिलिमीटर. तीच सगळीकडे धरली. बाथरूमकडची भिंत निघाली १५ ची. कापलेले तुकडे १२ तारखेला माझ्या हातातून गेले होते, पिशवीत मीच भरले होते, पण त्या दिवशी डोकं बुरशीत आणि त्या सहीत अडकलं होतं. पोरगा म्हणाला, "काका, कंपाउंडने भरून काढू की." अडीच मिलिमीटर कंपाउंडने भरायचं म्हणजे भिंतभर उतार करत बसायचं.

पिशवी उघडून तुकड्याच्या मागचा छापा वाचला. साधाच बोर्ड होता, आगीसाठीचा (आगीत जास्त टिकणारा) नाही. तो आगीसाठीचा असता तर पर्याय नव्हता, तसाच १५ चा आणावा लागला असता. इथे स्टडवर, म्हणजे सांगाड्याच्या उभ्या दांड्यांवर, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून अडीच मिलिमीटर उचल दिली. प्रत्येक स्टडवर पट्टी, वर आडव्या कापाच्या मागे चॅनेलचा आधार, तिथेही पट्टी. फूटपट्टी धरून जुना-नवा बोर्ड एका पातळीत आणायला दीड तास गेला.

बोर्ड बसला. स्टड दर ६०० मिलिमीटरवर होते, त्यामुळे १.८ मीटरमध्ये तीन गाळे बरोबर आले. या खोलीत नशिबाने दिलेली एवढीच गोष्ट. २५ मिलिमीटरचे स्क्रू, डोकं कागदाच्या किंचित आत पण कागद न फाडता. पोराचे पहिले सहा फाटले. फाटलेला स्क्रू धरत नाही, त्याच्या शेजारी दुसरा मारायचा. त्यालाही आता आवाजावरून कळायला लागलंय.

१.२ बाय २.४ च्या बोर्डातला निम्म्याहून कमी लागला. उरलेला गोदामात, अशाच सात-आठ तुकड्यांच्या रांगेत. त्यातला पुढे वापरला जातो तो फार थोडा.

दाराजवळच्या भोकाला कागदी कानांचा तुकडा केला: बोर्डाचा चौकोन घ्यायचा, मागून गाभा खरवडून काढायचा, पुढचा कागद चहूबाजूंनी दोन बोटं राखायचा. भोक त्या मापाचं चौकोनी करून तुकडा आत, कान कंपाउंडवर. टेप लागत नाही, मागे आधार लागत नाही. या सबंध कामातली माझी आवडती दहा मिनिटं.

ठरलं होतं की टेप आणि पहिला हात आजच. वेळ उरला नाही. एक फेरी वाढली.

२० मार्च

टेप आणि पहिला हात. इथे डब्यातलं नाही, भुकटीचं कंपाउंड घेतो, पाऊण तासात रासायनिक क्रियेने पकडणारं, म्हणजे घट्ट होणारं. आकसतं कमी, कडक होतं जास्त. जाळीची टेप लावायची तर खाली-वर हेच हवं. डब्यातल्या कंपाउंडवर कागदी टेपच बरी.

पोराने कालची बादली नीट न धुता त्यातच नवं कालवलं. जुन्या कंपाउंडचे कण राहिले की नवं झपाट्याने पकडतं. पंधरा मिनिटांत बादलीत दगड. वर त्याने त्यात पाणी घालून पुन्हा ढवळलं! तसं केलेलं वरून मऊ दिसतं, पण त्यात जोर उरत नाही. ओतून टाकलं. ओरडलो नाही. मी शिकत होतो तेव्हा माझ्या मिस्त्रीने तीच बादली माझ्या डोक्यावर पालथी घातली होती.

२१ मार्च

दुसरा हात. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. "हे तर कालच झालं होतं ना?" कारखान्यात बोर्डाच्या लांब कडा किंचित दबलेल्या येतात, टेप त्या खळग्यात बसते. कापलेल्या कडेला खळगा नसतो, तिथे टेप उंचवटा होऊनच बसते. तो लपवायचा तर दोन्ही बाजूंना हात-हातभर निमुळतं पसरवत न्यावं लागतं. म्हणून दुरुस्ती नव्या भिंतीपेक्षा हळू चालते. समजावलं. यावेळी त्या ऐकत होत्या, प्रश्नही विचारले.

२३ मार्च

काल गेलो नाही. हवा दमट, दुसरा हात अजून राखाडी होता, ताईंनीच फोटो पाठवून विचारलं. एक फेरी वाचली त्यांच्यामुळे. आज तिसरा हात, सर्वात रुंद पत्तीने, डब्यातल्या पातळ कंपाउंडचा.

२४ मार्च

घासाई. या धुळीत टाल्क, अभ्रक आणि कधी कधी सिलिका असते, म्हणून मास्क धड हवा, नाकावर रुमाल बांधून भागत नाही. मशिनला व्हॅक्यूम जोडला होता, तरी शेजारच्या खोलीत पांढरी साय पसरलीच. दाराचं प्लास्टिक खालून सुटलं होतं. ताईंनी पुस्तकांचं कपाट दाखवलं. पोरगा आणि मी ओल्या फडक्याने तासभर कपाट पुसत होतो.

मग प्रायमर. प्रायमर वाळल्यावर दिवा भिंतीला समांतर धरला आणि खिडकीजवळ उंचवटा दिसला.

फिनिशिंगच्या या धंद्यात ० ते ५ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. ४ म्हणजे सांधे आणि स्क्रू पूर्ण झाकून गुळगुळीत, ५ म्हणजे त्यावर सबंध भिंतीवर पातळ थर. मी ४ धरून भाव दिला होता. पण भिंतीच्या टोकाला खिडकी आहे आणि ताईंचा रंग किंचित चकाकणारा. अशा आडव्या उजेडात ४ पुरत नाही. हे मी ४ मार्चला त्याच खिडकीसमोर उभा राहून बघायला हवं होतं. बघितली होती ती फक्त फरशी.

आता पैसे मागायला तोंड नाही. पदरचं करायचं.

२५ मार्च

खिडकीकडच्या दोन मीटरवर पातळ थर. डब्यातलंच कंपाउंड, एक हात. पंखा लावून वाळवला, संध्याकाळी हलकेच घासला, त्यावर प्रायमर. पोरगा दिवा धरून उभा. "काका, आता काही दिसत नाही." तेच ऐकायचं होतं.

२६ मार्च

रंग. ताईंना फक्त ठिगळावर हवा होता, जुन्या रंगाचा डबा त्यांनी जपून ठेवलेला. डब्यातला आणि भिंतीवरचा आता एक नाही, भिंतीवरच्याने इतकी वर्षं ऊन खाल्लंय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारला, दोन हात. जोड कोपऱ्यात संपला की डोळा तिथे शोधत नाही.

प्रायमर नसता तर कंपाउंडवरचा रंग शोषला जाऊन चट्टे उठले असते. निम्म्यात करणाऱ्याचं काम मी दोन-तीनदा दुरुस्त केलंय, नेमकं तिथेच.

२७ मार्च

हिशेब. मूळ १०० अधिक जादा २२, बिल १२२. धरलेला खर्च ८५ अधिक १८, म्हणजे १०३. उरायला हवे होते १९.

न धरलेलं: १६ तारखेची रिकामी फेरी ३. जाडीचा घोळ आणि त्यामुळे वाढलेला दिवस ४. बादली आणि पुस्तकांचं कपाट २. खिडकीकडचा थर ६. एकूण १५. उरले ४.

फेऱ्या सहा धरल्या होत्या, झाल्या नऊ, पाहणी धरून दहा. या १५ पैकी ताईंच्या अंगावर टाकावा असा एकही भाग सापडत नाही. वाळायला किती दिवस लागतील हे कोटेशनमध्येच लिहायला हवं होतं. जाडी दोन ठिकाणी मोजायला हवी होती. दिवा पाहणीच्या दिवशीच न्यायला हवा होता, आता तो मोजपट्टीच्या पिशवीतच ठेवला आहे.

ताईंनी ११० दिले. १२ ठेवून घेतले, "महिनाभर बघते दादा, पुन्हा ओल आली तर?" कागदावर असं काही ठरलं नव्हतं. वाद घातला नाही. त्या १२ मध्ये माझे चारही आहेत, आणि पोराची या आठवड्याची हजेरी मी आधीच दिली आहे.

१५ एप्रिल

ताईंचा फोन. ओल नाही, पण आडव्या सांध्यावर केसाएवढी रेघ. गेलो. बरोबर त्या जागी, जिथे पुठ्ठ्याची पट्टी दोन तुकड्यांत जोडली होती. तिथे बोर्ड किंचित हलत असणार. दोन स्क्रू वाढवले, रेघ खरवडली, टेप, भुकटीचं कंपाउंड, पाऊण तास थांबून दुसरा हात, पंख्याखाली वाळवून प्रायमर, रंगाचा हात. अर्धा दिवस आणि अकरावी फेरी. ३ भाग गेले.

ताईंनी ठेवलेले १२ तिथेच दिले, मोजून, न मागता. म्हणजे या कामात सुटला १.

निघताना म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तुमचं काम बघितलं. त्यांच्या छताला एक भोक आहे. छोटंसंच आहे हो."

नंबर घेतला. खाली उतरून फोन लावला आणि आधी विचारलं, त्या छताच्या वर काय आहे.

"बाथरूम," त्या म्हणाल्या.